पान एकतीसच्या पुढे

श्रीवर्धन,
ता. ९ डिसेंबर

चि. मृणाली,

काकाचा आशीर्वाद. तुला आता मोठमोठ्या लोकांचे आशीर्वाद शालीसकट मिळतात (शाल फोटोत पाहिली. मोरपंखी होती की नुसतीच निळी, ते कळलं नाही), तेव्हा या बिनशालीच्या आशीर्वादाचं तुला अप्रूप नसणार, पण घरचा म्हणून ठेवून घे. इकडे सगळे बरे आहेत. माझा गुडघा पायऱ्या दिसल्या की बोलायला लागतो, एरवी गप्प असतो. सुपारी यंदा चांगली धरली आहे. माकडांचंही तेच मत आहे. तुझी काकू ठणठणीत आहे, किती ठणठणीत ते पुढे येईलच. तुझी तब्येत, तुझं ऑफिस, पुण्यातली थंडी हे सगळं जिथल्या तिथे असेल असं धरून चालतो. तुझ्या वडिलांना, म्हणजे आमच्या दिनानाथदादाला, नमस्कार सांग आणि तुझ्या पुरस्काराच्या बातमीचा फोटो आता पुन्हा पाठवू नको म्हणावं. एकच बातमी त्याने मला चार वेळा पाठवली. चौथ्या वेळी तुझ्या नावाभोवती लाल गोल काढला होता, जणू मला तुझं नाव वाचता येत नाही.

फोन न करता पत्र लिहितोय याचं कारण असं की फोनवर तू मधूनमधून "हो काका, हो काका" म्हणतेस आणि माझं सूत्र तुटतं. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तू जोडलेले हात पाठवून मोकळी होतेस. या पत्रात जे आहे त्याला जोडलेले हात पुरणार नाहीत.

आधी एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. मला तुझा मत्सर वाटतो. हा शब्द मी बत्तीस वर्षं आठवीच्या वर्गाला वाक्यात उपयोग करायला देत आलो. मुलं "राजाला प्रधानाचा मत्सर वाटत होता" असं काहीतरी लिहायची आणि मी अर्धा गुण कापायचो, की वाक्यात अनुभव नाही. आता अनुभव आहे. पूर्ण गुण द्यायला हरकत नाही.

कारण तुला ठाऊक आहे, पण मला ते एकदा ओळीने लिहून काढायचं आहे. गेली नऊ वर्षं मी एका कादंबरीची पूर्वतयारी करतो आहे (नातेवाइकांत हे सगळ्यांना माहीत आहे, लग्नाकार्यात मला "काय, झाली का?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता जिलबीकडे वळतात). विषय, रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच आणि तिच्यातून गेलेली आमच्या पिढीची माणसं. चौदा वह्या भरल्या आहेत. कुठल्या साली कुठली लाँच होती, नारळांची पोती कुठे ठेवत, कोंबड्यांच्या पाट्या कुठे, बोटीत उलटी होऊ नये म्हणून बाया तोंडात काय धरत, हे सगळं माझ्याकडे आहे. फक्त पहिलं वाक्य नाही. कारण तयारी पुरी झाल्याशिवाय पहिलं वाक्य लिहिणं मला प्रामाणिक वाटत नाही.

आणि तू काय केलंस? दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सहा दिवस आमच्याकडे आलीस. सहाही दिवस मागच्या पडवीत काकूबरोबर सुपारी निवडत बसलीस, आंबोळ्या खाल्ल्यास आणि संध्याकाळी समुद्रावर गेलीस. एक टिपण काढलं नाहीस. हे मी खात्रीने सांगतो, कारण तू समुद्रावर गेल्यावर मी तुझ्या खोलीत डोकावलो होतो. एक चार्जर आणि एक कंगवा. तरी मी तुला दोन तास बसवून संशोधनाची पद्धत समजावली, की साधनं कशी जमवायची, साक्ष कशी पारखायची. तू मान हलवत होतीस. मला वाटलं, पोरीचं काही खरं नाही. पुढे दीड वर्षात "बावीस पोफळी" छापून आली, एकशे अठ्ठावन्न पानं. पोफळी आमच्याच वाडीतल्या, हे कुणीही सांगेल. मोजायला गेलीस तर त्या एकोणतीस आहेत.

दुसरी कबुली यापेक्षा वाईट आहे. पुस्तक तू सही करून पाठवलंस, मी "वाचलं, छान" असं कळवलं, ते खोटं होतं. मी एकतीस पानं वाचली. एकतिसाव्या पानावर तू अष्टमीला मोठी भरती आणली आहेस. अष्टमीला समुद्र निम्मा भरून परत जातो गं, उधाण येतं ते अमावास्या-पौर्णिमेला. हे इथल्या पाचवीतल्या मुलाला कळतं. मला इतका आनंद झाला, की मी पुस्तक तिथेच मिटलं आणि चुकांची यादी करायला वही घेतली. पुस्तक त्यापुढे मी वाचलं नाही, पण यादी मात्र सव्वीस मुद्द्यांपर्यंत गेली, कारण बाकीचे मुद्दे मी वर्तमानपत्रातल्या परीक्षणावरून काढले. ते परीक्षण मी अकरा वेळा वाचलं. त्यात लिहिलं होतं की कादंबरीचा कळस म्हणजे सहावं प्रकरण. एकोणीस वर्षांची मुलगी, तिला स्थळ आलेलं, बघण्याचा कार्यक्रम अजून व्हायचा, आणि ही घरी मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला जाते म्हणून सांगून एकटी रेवसच्या लाँचमध्ये बसते, मुंबईला जाऊन रस्त्याच्या पलीकडून त्या मुलाला बघून येते आणि संध्याकाळी घरी येऊन होकार देते. का दिला, ते कुणालाच सांगत नाही. "हे न सांगणं हीच या कादंबरीची उंची," असं परीक्षणकर्त्याचं वाक्य होतं. उंची! माझ्या मेजावर वह्यांची उंची दीड वीत झाली आहे, तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

शिवाय लाँच माझी होती. नऊ वर्षं मी ती धरून ठेवली होती आणि तू येऊन तिकीट काढून बसलीस.

म्हणून मी ठरवलं की रेवसला जायचं, त्या काळातला माणूस गाठायचा आणि त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं, की चौऱ्याऐंशीच्या सुमाराला चांगल्या घरची मुलगी अशी एकटी मुंबईला जाणं शक्य नव्हतं. मग त्या साक्षीसह संपादकांना पत्र. (पत्राचा मसुदा आधीच तयार होता, फक्त साक्षीदाराच्या नावाची जागा कोरी होती.) काकूला मी एवढंच सांगितलं की पहिल्या प्रकरणाच्या तयारीसाठी जातोय. तिने काही विचारलं नाही. आंबोळ्या आणि लसणीची चटणी बांधून दिली आणि वर नारळाच्या वड्यांचा डबा दिला, की कुणी ओळखीचं भेटलं तर द्या. मी म्हटलं, संशोधकाने भेटवस्तू नेऊ नये, साक्ष दूषित होते. तिने डबा पिशवीत तळाशी घातला.

श्रीवर्धनहून रेवस म्हणजे नकाशावर एका बोटाचं अंतर, पण प्रत्यक्षात दिघीला जा, तिथून फेरी बोटीने खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरा, मग मुरूड, मग अलिबाग, मग पुन्हा एसटी. फेरीवर मी इंजिनाचा आवाज मोबाइलवर टेपून घेतला (लाँचच्या आवाजाशी ताडून बघायला). घरी येऊन ऐकलं तर पाव तास माझ्या शर्टाच्या खिशाचा आवाज आहे, आणि मध्ये मी एकदा स्वतःशीच "शहाणी समजते स्वतःला" असं म्हटलेलं स्पष्ट ऐकू येतं. ते तुझ्याबद्दल होतं. आता लपवण्यात अर्थ नाही.

रेवसला धक्क्यावर पोचलो तो जेवणाची वेळ टळून गेली होती. मी आधी धक्का मोजायला घेतला. तयारी म्हणजे तयारी. तुझ्या पुस्तकात धक्का "लांबच लांब" असा आहे, मला मीटरमध्ये हवा होता. एक टोक दगडाखाली दाबून टेप उलगडत मी अर्ध्यावर गेलो असेन, तेवढ्यात पाच-सहा माणसं जमली. त्या बाजूला नवीन रस्त्याच्या मोजणीची बोलणी चालू असतात आणि टेप, वही, चष्मा असा ऐवज घेऊन आलेला म्हातारा त्यांना एकाच खात्यातला वाटतो. मी कादंबरीकार आहे असं सांगितलं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, कारण खोटं सांगायला साहेबाला याहून बरं काही सुचायला हवं होतं असं त्यांना वाटलं असावं. येसूबाई नावाची एक ठेंगणी, खणखणीत आवाजाची म्हातारी मला हाताला धरून आपल्या परसात घेऊन गेली आणि फणसाच्या झाडापुढे उभं करून म्हणाली, हे लिवा. मी म्हटलं, बाई, माझा फणसाशी संबंध नाही. ती म्हणाली, तेच तर, मागच्या मोजणीला पण फणस सोडून दिला. शेवटी वही क्रमांक चौदामध्ये, लाँचच्या भोंग्यांच्या खाली, मी "फणस एक, जुना, फळता, मालक येसूबाई" अशी नोंद केली आणि तिच्या सांगण्यावरून खाली सही केली. त्यानंतर तिचा चेहरा निवळला. लाँचवरचा जुना माणूस हवा म्हटल्यावर तिनेच मला चंदरच्या घरी नेऊन पोचवलं.

चंदर तुला माहीत आहे. मला तेव्हा माहीत नव्हतं की तुला माहीत आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, तीस वर्षं लाँचवर खलाशी, आता ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसतो. मी माझं नाव-गाव काही सांगितलं नाही, कारण संशोधकाने तटस्थ असावं. पेन उघडलं आणि माझी तयार केलेली प्रश्नावली सुरू केली. (एकूण चाळीस प्रश्न. तुझ्या कादंबरीतल्या मुलीचा प्रश्न मी सदतिसावा ठेवला होता, म्हणजे साक्षीदाराला हेतू कळू नये.) चौथ्या प्रश्नालाच तो कंटाळला. म्हणाला, मागं एक ताई आली होती पुण्याची, तिच्याकडे वही नव्हती की पेन नव्हतं; दिवसभर जाळ्याचं दुसरं टोक धरून बसली, जेवली आणि गेली. "बोलली कमी, पर ऐकत व्हती चांगली," असं तो म्हणाला आणि माझ्या वहीकडे बघितलं.

मृणाली, त्या ओट्यावर मला पहिल्यांदा कळलं की तू तयारी केली होतीस. मला न सांगता, माझ्या आधी, माझ्याच धक्क्यावर. मला जे वाटलं त्याला मत्सर हा शब्द थोडा पातळ पडतो. मी सदतिसावा प्रश्न तिथल्या तिथे पाचव्या क्रमांकावर आणला. विचारलं, त्या काळात कुणी एकटी मुलगी घरी न सांगता लाँचने मुंबईला गेली असेल, हे शक्य आहे का?

चंदर हसला. म्हणाला, शक्य कशाला, गेली होती की. शिमग्याच्या आधी महिनाभर, रविवार होता. सासवण्याच्या लेल्यांची मुलगी. तिच्या वडिलांचे नारळ त्याच्याच लाँचने जायचे म्हणून तो तिला ओळखत होता. जाताना सारखी विचारत होती की परतीची शेवटची लाँच किती वाजता, आणि संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावर तिचा पत्ता नाही म्हणून याने लाँच चालवणाऱ्या सारंगाला गळ घालून लाँच पाच मिनिटं धरून ठेवली. मग ती धावत आली, चपला हातात. पोरगा बघून आले म्हणाली.

"मी इचारला, कसा हाय पोरगा," चंदर म्हणाला, "तर रेवस येईस्तवर हसत व्हती. पर सांगलं न्हाय."

माझ्या पेनातली शाई तेव्हा चालू होती, पण हात थांबला होता. सासवण्याचे लेले हे माझे सासरे. लेल्यांना मुली दोन, त्यातली थोरली तेव्हा लग्न होऊन कर्जतला नांदत होती. तरी मी खात्रीसाठी (साक्ष पारखावी लागते) विचारलं, लेल्यांची कुठली मुलगी? तो म्हणाला, अनू, श्रीवर्धनच्या मास्तरला दिली ती, तिनेच तर त्या पुण्याच्या ताईला माझ्याकडे धाडलं होतं. मग मी, आवाज शक्य तितका तटस्थ ठेवून, विचारलं की तो मास्तर कसा आहे म्हणे. चंदरने जाळ्याची एक गाठ दातांनी ओढून घट्ट केली.

"मानूस बरा हाय म्हनं. घरातच असतो, पर घरात नसतो."

मी नारळाच्या वड्यांचा डबा काढून त्याच्यापुढे ठेवला आणि निघालो. धक्का अर्धाच मोजून झाला आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. काकू ओटीवर बसून विळीवर नारळ खवत होती. पाणी दिलं, आणि मी चूळ भरत असताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "चंदरकाका भेटले का?" मी भेटले म्हटलं. तिने बरं आहेत ना म्हणून विचारलं, मी बरे आहेत म्हटलं, आणि ती पुन्हा नारळ खवायला लागली. तुझ्या परीक्षणकर्त्याने हा प्रसंग बघायला हवा होता. काय ती उंची.

पुढचे दोन दिवस माझे कसे गेले ते मी कादंबरीत लिहिलं तर कुणी अतिरंजित म्हणेल. कारण चंदरच्या साक्षीत एक भोक होतं: पोरगा बघून आली, हे ठीक, पण कुठला पोरगा? त्या वर्षी लेल्यांकडे स्थळं दोन आली होती. एक मी, गिरगावात खोली घेऊन बी.एड. करणारा. दुसरा दादरचा, बँकेत लागलेला. आमचा बघण्याचा कार्यक्रम झाला मे महिन्यात, आणि त्या दिवशी तिने माझ्याकडे वर मान करून बघितलंसुद्धा नव्हतं. म्हणजे मला बघण्याची तिला काही घाई असेल असं मानायला पुरावा नव्हता. दादरच्या माणसाच्या बाजूने मात्र बँक होती. मी त्याला फेसबुकवर शोधून काढला (नाव लिहीत नाही, सज्जन दिसतो). आता नातवंडांबरोबर कुठल्यातरी परदेशी बागेत उभा आहे. केस आहेत. सगळेच्या सगळे, जागच्या जागी. मी ते मोठे करून बघितले. दुपारी जेवताना काकूला विचारलं, दादरचं ते स्थळ तुला कसं वाटलं होतं गं? ती म्हणाली, कुठलं? आणि मला आमटी वाढली. मला वाटलं, चाळीस वर्षांनंतरही इतकं सहज "कुठलं" म्हणता येतं म्हणजे प्रकरण खोल आहे. सुपारीच्या बागेत फिरताना मी त्याच्याशी मनात बोलत होतो. त्याला मी दोनदा निरुत्तर केलं.

अखेर लक्षात आलं की उत्तर घरातच, कपाटात, वर्तमानपत्राचं कव्हर घालून ठेवलेलं आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी काकू शेजारी गेल्यावर झोपाळ्यावर बसून मी तुझं पुस्तक पान बत्तीसपासून उघडलं. (अष्टमीवरून डोळे मिटून पुढे गेलो.) सहावं प्रकरण पान सदुसष्टला लागतं. मुलगी गिरगावातल्या एका गल्लीत शहाळ्यांच्या गाडीमागे उभी आहे. रविवार, दुकानं बंद. समोरच्या दुकानाच्या बंद फळ्यांपुढे एक सडपातळ मुलगा, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात घातलेला, हातात खडू धरून फळ्यांना धडा शिकवतोय. प्रश्न विचारतोय. थांबतोय. डावीकडून तिसरी फळी बोलत होती म्हणून तिला उभं राहायला सांगतोय.

मृणाली, हे जगात कुणालाही माहीत नाही. माझ्या खोलीतली मुलं पाठाचा सराव करू देत नसत, हसत असत. म्हणून रविवारी दुपारी मी खाली जाऊन त्या दुकानाच्या फळ्यांना शिकवायचो. डावीकडून तिसरी फळी जरा सैल होती, वाऱ्याने खटखट करायची, म्हणून तिला उभं करायचो. थोड्या वेळाने "बस बाळ, पुन्हा नको करूस" म्हणून बसवायचोही, ते सुद्धा तू लिहिलं आहेस, आणि तिथेच मुलगी धक्क्याकडे चालायला लागते. पुढची चार पानं मी नीट वाचू शकलो नाही. चष्मा पुसत होतो. शेजारून काकू आली तेव्हा मी झोपलोय असं दाखवलं.

यानंतर माणसाला आनंद व्हायला हवा. झाला, साधारण चहापर्यंत टिकला. दादरच्या माणसाला मी मनातून सन्मानाने निरोप दिला, त्याचे केस त्याला लखलाभ. पण चहाच्या वेळी मला कळलं की मत्सर गेलेला नाही, त्याने फक्त जागा बदलली आहे. चाळीस वर्षं मी या बाईबरोबर राहतो आणि ही गोष्ट तिने सहा दिवस आलेल्या पोरीला सांगितली. मी साऱ्या किनाऱ्यावर साधनं शोधत फिरत होतो, बोटीत चाळीस प्रश्न घेऊन ओकत होतो, आणि लाँचमधून गेलेली मुलगी मला रोज सकाळी चहा देत होती.

संध्याकाळी मी पुस्तक हातात घेऊन पडवीत गेलो. ती सुपाऱ्या निवडत होती. मी समोर बसलो आणि विचारलं की मला का नाही सांगितलंस.

ती म्हणाली, "सांगणार होते. लग्नानंतर पहिल्यांदा लाँचने गेलो ना मुंबईला, तेव्हा. पण तुम्ही मला भरती-ओहोटीचं गणित समजावत होतात, रेवसपासून भाऊच्या धक्क्यापर्यंत. मग म्हटलं, राहू दे."

ते गणित मला अजून पाठ आहे. मी थोड्या सुपाऱ्या निवडल्या, चुकीच्या ढिगात टाकल्या, तिने त्या उचलून बरोबर ढिगात ठेवल्या. मग मी विचारलं, की फळ्यांना शिकवणारा असला वेडा बघून तू होकार कसा दिलास, नेमकं काय बघून? ती हसायला लागली. चंदर म्हणाला तशीच हसत असणार तेव्हा. आणि हसून झाल्यावर म्हणाली, ते मृणालीला सांगितलंय, तिने छापणार नाही म्हणून शब्द दिलाय, आणि पाळलाही. एवढं बोलून सूप उचलून आत गेली.

असं झालं सगळं. तू शब्द पाळलास याचा मला अभिमान वाटतो. संपादकांचं पत्र मी पाठवलं नाही. होकाराचं कारण काय होतं हे जाणून घ्यायची या वयात मला काही गरज वाटत नाही. माणसाने काही गोष्टी एकमेकांपाशी झाकलेल्या राहू द्याव्यात, असं माझं मत झालं आहे. तुझ्या पुढच्या पुस्तकाला मनापासून शुभेच्छा. तयारी चालू केली असशील तर कुणाबरोबर सुपाऱ्या निवडते आहेस ते मात्र कळव, म्हणजे मी त्या बाजूला फिरकणार नाही.

घरातल्या सगळ्यांना यथायोग्य. प्रकृतीला जप.

तुझा,
महादेवकाका

ता.क. : सव्वीस मुद्द्यांच्या यादीतले पंचवीस मी खोडले. अष्टमीचा राहू दिला आहे. दुसऱ्या आवृत्तीत पौर्णिमा कर.

ता.क. दुसरा : वर गरज वाटत नाही असं लिहिलं आहे, त्यानंतर आठ दिवस पत्र पाकिटात घालून ठेवलं आणि आता पुन्हा उघडलं. गरज वाटते. रोज संध्याकाळी पडवीत बसून विचारतो आणि रोज ती लाँचमधल्या दुसऱ्याच कुठल्यातरी गोष्टी सांगते, की शेजारच्या बाईने तिला चिंच दिली, की परतीच्या लाँचमध्ये एका म्हाताऱ्याने तिला "घरी ठाऊक आहे का" म्हणून विचारलं. होकारावर आली की थांबते. तेव्हा तुला विनंती: तिने त्या दिवशी माझ्यात काय बघितलं, ते मला एका ओळीत कळव. शब्द छापण्यापुरता होता, काकाला कळवण्याबद्दल नव्हता, असा अर्थ व्याकरणदृष्ट्या निघू शकतो. बदल्यात माझ्या चौदाही वह्या ने. लाँच तुला दिली. त्यातला फणस तेवढा काढून टाक.

ता.क. तिसरा (अक्षर बदललं आहे, ते कळेलच) : मृणाली, पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं होतं, पाकीट नीट चिकटलं नव्हतं म्हणून वाचलं. कारण काही फार मोठं नव्हतं, तुला ठाऊक आहे. पण सांगू नकोस. आता कुठे माझ्यासमोर येऊन बसायला लागलेत. – काकू